मावशीच्या आवाजात

आमटीत मीठ कमी पडलं की आमचे मामंजी म्हणत, "आज समुद्र लांब गेलाय." जास्त झालं तर, "भरती आली वाटतं." हे ते मला म्हणत नसत, समोरच्या खांबाला म्हणत. मी दाराच्या आत असे. मग मी मिठाची वाटी उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची आणि ते हात लांब करून ती घ्यायचे.

मी अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मंडणगडकडून रत्नागिरीजवळच्या या गावात आले. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. हे मुंबईला कंपनीत, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. बाकी वर्षभर घरात मी आणि मामंजी. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. भरल्या घरात ती सहज पाळली जाते. मधे सासू असते, पोरं असतात, "आजोबांना सांग जा" म्हटलं की झालं. आमच्याकडे मधलं माणूसच नव्हतं. मूलही झालं नाही. म्हणून मामंजी खांबाशी बोलत, गोठ्यातल्या पाडीशी बोलत, पावसाशी बोलत, आणि मी भांडी वाजवून उत्तर द्यायची. होकार असेल तर पळी वाजायची. नसेल तर गप्प.

"पाडये," ते गोठ्यात म्हणत, "उद्या मी रत्नागिरीच्या बाजारात जाणार हाय. घरात काय लागत असंल तर तुला ठाऊक असंल." मग मी आतून मोठ्यानं डबे उघडायची. गोडेतेलाचा डबा रिकामा वाजला की तेल यायचं. एकदा चुकून मोहरीचा डबा पडला आणि दुसऱ्या दिवशी घरात मोहरीच मोहरी झाली. पाडीला ते बोलले, "मोहरी इतकी कशाला लागते गो तुला?"

अंगानं उंच, सडसडीत. गाव त्यांना तात्या म्हणायचा. खोकल्याशिवाय ते कधी दारात आले नाहीत. दगडी गडग्याच्या वळणावर एक खोकला, पायरीवर दुसरा. न्हाणीकडे यायचं असेल तर तिथूनच गळा साफ करत यायचे, की मी असले तर निघून जावं. "माणसानं येताना आवाज करावा, जाताना करू नये," असं ते म्हणायचे.

त्यांना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटायची ते लिहिताना मलाही लाज वाटते. पण ते सोडलं तर मामंजी राहतच नाहीत. सकाळी ते मागच्या काजूच्या बागेत जात तेव्हा तांब्या पंच्याखाली झाकलेला असे आणि दुसऱ्या हातात कोयती. बघणाऱ्याला वाटावं, कुंपणाचं काटं तोडायला निघालेत. इतकी वर्षं गेले, पण एक काटा तोडलेला मी बघितला नाही. पुढं ग्रामपंचायतीच्या योजनेतून घराच्या मागं संडास बांधून मिळाला. गवंड्यानं दार बसवलं, कडी लावली. मामंजींनी कडी एकदा वाजवून बघितली आणि गवंड्याला म्हणाले, "एवढा आवाज? घरात सून हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात नारळाची सोडणं आणि सुकी लाकडं भरली. पावसाळ्याच्या सरपणाची सोय झाली, आणि मामंजी कोयती घेऊन बागेत जात राहिले.

असा माणूस नमनात मावशी होत असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरचा पहिला शिमगा. देवळासमोर नमन, म्हणजे आमच्याकडचं रात्रीचं सोंगांचं नाटक, होतं आणि मी शेजारच्या शेवंतीवैनीबरोबर बायकांत बसले होते. गण झाला, गवळणी आल्या, कृष्ण आला. मग ती मावशी आली. आमच्याकडे गवळणींचं काम पुरुषच करतात, आणि गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघते ती मावशी, म्हातारी, फटकळ, कुणाची भीड न ठेवणारी. ही मावशी नऊवारी नेसून, ओठ लाल करून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बारीक चिरक्या आवाजात सगळ्या मंडळींना विचारू लागली, "काय गो बायांनो, तुमच्यातल्या कुणाचा सासरा रिकामा हाय का? हाय तर सांगा, मी अजून कोरी हाय! सैपाक येत नाय, पण भांडायला येतं!" मग कृष्णानं वाट अडवली तेव्हा ती त्याला अशा काही शिव्या देऊ लागली की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी शेवंतीवैनीच्या खांद्यावर थापट्या मारून हसत होते. माहेरी असं मी कधी हसले नव्हते.

"अगो हळू," वैनी माझ्या कानात म्हणाली, "सासरा रिकामा हाय म्हणून सांग तिला. तुझाच हाय तो."

मी पदर तोंडात कोंबला. घरी जाईपर्यंत काढला नाही.

सकाळी मामंजी ओटीवर बसून खोबरेल तेलानं ओठांचा रंग काढत होते. मी चहा उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरले. मग ते खांबाला म्हणाले, "काल बायकांत कोणतरी घोड्यासारखा हसत होता." माझा जीव गेला. पळी वाजवायचीही हिंमत झाली नाही. त्यांनी चहा संपवला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि उठता उठता म्हणाले, "मावशीला बरा वाटला."

पुढच्या प्रत्येक शिमग्याला मी बायकांत मागे बसून ऐकायची. मावशीला काहीही बोलता यायचं. सरपंचाला ती तोंडावर आळशी म्हणायची, दारू पिणाऱ्यांची नावं घ्यायची, आणि माणसं हसत हसत माना खाली घालायची. सकाळी पुन्हा तात्या. गडग्याच्या वळणावर खोकला.

मग एका वर्षी नमनात बोलता बोलता मावशीचा दम संपला. ती मधेच खाली बसली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "किसना, आज तू जा बाबा मथुरेला, मी इथंच दही विकते." लोकांना वाटलं सोंग आहे. पण तिला उचलून न्यावं लागलं. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, नमन सुटलं. नऊवारी पेटीत गेली.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीनंतर मामंजींचं जेवण कमी झालं. खांबाला म्हणाले, "दात दुखतात, पेज बरी." दाताचं दुखणं मला पटलं, कारण भाकरी ते पहिल्यापासून सावकाश खात. पण कोयती घेऊन बागेत जाणं वाढलं. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. जायचे तसेच परत यायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायची. एक दिवस त्यांचा कमरेचा कडदोरा खुंटीला टांगलेला दिसला. पुरुषमाणूस कडदोरा असा काढून ठेवत नाही. बंडीखाली पोट माठासारखं झालं होतं आणि दोरा त्यांना काचत होता. मी धीर करून शेवंतीवैनीला सांगितलं. तिनं नवऱ्याला पाठवलं. मामंजी त्याला म्हणाले, "वारा धरलाय. ओवा खातो."

दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. त्या उलटीला जो वास होता तो तोंडातून यायचा वास नव्हता. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. दुकानातून ह्यांना फोन केला, ते रातोरात निघून आले.

पोटाचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. आतड्यात गाठ आहे, तिनं रस्ता बंद केलाय, खालून काही जात नाही म्हणून वरून येतंय. अशा वेळी पोट उघडावं लागतं आणि पोटावरच वाट काढून तिथं पिशवी लावतात. मामंजींनी त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकला.

"पिशवी कोण धुणार?" त्यांनी विचारलं.

"घरचं माणूस. घरी कोण असतं?"

मी पडद्यापाशी उभी होते. मामंजींनी ह्यांना म्हटलं, "बाळू, मना घरी ने. ओटीवर मेलेला बरा."

"तात्या, असं काय बोलता?"

"सुनेनं ती पिशवी धुवायची? आणि मी ते बघत बसायचा?"

तेव्हा मला कळलं की या माणसाला मरणाची भीती नाही, माझी आहे. मी धुतली असती. माझ्या आईचं मी सगळं केलं होतं. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांना आणखी लाज वाटली असती.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पूर्ण भूल दिली तर हे टेबलावरून उठणार नाहीत. ऑपरेशन नाहीच. मामंजी एकदम हलके झाले. "बघ," ह्यांना म्हणाले, "देवाला पण नको हाय ती पिशवी." तेव्हा वयस्कर डॉक्टरांनी कोल्हापूरचं नाव काढलं. तिथं खालच्या वाटेनं दुर्बीण घालून, गाठीतून जाळीची नळी बसवतात. कापाकापी नाही, थोड्या गुंगीत होतं. गाठ तिथंच राहते, पण रस्ता मोकळा होतो.

आंबा घाटातून गाडीनं गेलो. मामंजी मागच्या सीटवर आडवे, मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे मला त्यांच्याकडे बघावं लागू नये आणि त्यांना माझ्याकडे. उलटीसाठी बादली ह्यांनी धरली होती. प्रत्येक वळणाला ते "मेलो" म्हणत, आणि ड्रायव्हरला म्हणत, "तुला नाय, घाटाला बोलतो."

कोल्हापूरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कोपऱ्यातली मिटलेली छत्री उचलून दाखवली. "ही अशी मिटलेली आत न्यायची आणि आत गेल्यावर उघडायची. आमची नळी तशीच आहे, जाळीची. एकदा उघडली की हळूहळू फुगत राहते, गाठीला बाजूला रेटते. फक्त ही पुन्हा मिटत नाही."

"बाहेर पाऊस नाय आणि आत छत्री," मामंजी छताला म्हणाले. डॉक्टरांना हसू आलं.

मी बाहेर बाकावर बसले होते. तासाभरानं आतून आरडाओरड झाली, बायका धावत चादरी घेऊन गेल्या, आणि एक नर्स नाकाला पदर लावून बाहेर आली आणि हसत ओरडली, "आजोबांचा रस्ता मोकळा झाला हो! टेबल गेलं, चादरी गेल्या, डॉक्टरांचे बूट गेले!" सगळा वऱ्हांडा माझ्याकडे बघायला लागला. मला कुठं लपू असं झालं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की रडू आलं.

वॉर्डात आणल्यावर ती नर्स पुन्हा म्हणाली, "लाजायचं काय आजोबा, याचसाठी तर केलं ना सगळं!" मामंजी सलाइनच्या खांबाला म्हणाले, "ह्या पोरीला कोणतरी सांगा, हळू बोल म्हणावं. मागं सून उभी हाय."

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना बसवून सगळं सांगितलं. पालेभाजी नाही, अळूचे देठ नाहीत, फणस नाही, मका नाही, शेवग्याच्या शेंगा नाहीत. चोथा असलेलं काही पोटात गेलं तर जाळीत अडकेल. मऊ भात, ताक, माशाचं सार चालेल. पोट मऊ ठेवायचं औषध रोज. आणि रोज विचारायचं. एक दिवस झालं नाही तर लक्ष ठेवायचं, दुसऱ्या दिवशीही झालं नाही किंवा उलटी झाली तर निघून यायचं, थांबायचं नाही.

"रोज विचारणार कोण?"

"मी मुंबईला असतो," हे म्हणाले. "घरी बायको असते."

"मग त्यांना बोलवा."

मला आत बोलावलं. मामंजी खाटेवर बसलेले. डॉक्टर माझ्याकडे बघून स्वच्छ शब्दांत सांगायला लागले, किती वेळा, कसं, पातळ की घट्ट, रंग कोणता, हे सगळं रोज सकाळी विचारायचं म्हणून. मी जमिनीकडे बघत होते. मामंजी भिंतीकडे. डॉक्टरांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

हे आठ दिवस राहिले आणि मुंबईला गेले. जाताना मला म्हणाले, "विचारत जा, लाजत बसू नको." मामंजींना म्हणाले, "तिला सांगत जा." मामंजी म्हणाले, "हो हो." जाणाऱ्या माणसाला सगळं सोपं असतं.

पहिल्या सकाळी मी दाराआड उभी राहून पळी वाजवली. ते खोकले. मी पुन्हा वाजवली. ते उठून गोठ्यात गेले. पाडीलाही काही बोलले नाहीत. खांबाला सांगता येतं ते मीठ-तेल. हे कोणत्या खांबाला सांगायचं? मी दिवसभर त्यांच्या पावलांवरून अंदाज बांधत होते. दुसऱ्या सकाळीही तसंच. मला भीती वाटायला लागली. मी ठरवलं, आज काही झालं तरी तोंडानं विचारायचं. दारापाशी गेले आणि पुन्हा हातातलं भांडंच वाजवलं.

तेवढ्यात ओटीवरून बारीक चिरका आवाज आला.

"अगो सुने! मावशी मथुरेला पोचली गो बाय! वाटेत कुणी अडवला नाय!"

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला. मी पदर तोंडाशी धरला, पण हसू फुटलंच, पहिल्या शिमग्यासारखं. मग मावशी म्हणाली, "हसते काय मेली! मऊ झाला का घट्ट झाला ते इचार की! तो कोल्हापूरचा पोर काय सांगत होता?"

"मऊ झालं का?" मी दाराआडून विचारलं. मामंजींना नाही, मावशीला.

"लोण्यासारखा!"

मग ते रोजचंच झालं. सकाळी गायीगुरांचं आवरून मी दाराआड उभी राहायची आणि मावशी सगळं सांगायची. रंग सांगायची, पोट दुखलं तर कुठं ते सांगायची, आतली छत्री आज टोचते म्हणायची. कधी म्हणायची, "आज किसना आडवा आलाय गो," मग मी औषध दोन चमचे ठेवायची. बोलून झालं की एक खोकला यायचा आणि मामंजी आपल्या आवाजात खांबाला म्हणायचे, "चहा झाला असंल तर बघा." जणू मघाशी तिथं दुसरंच कोणी बसून गेलं. शिमगा गेला, आंबे गेले, पाऊस लागला. ते हिंडत होते, ओटीवर बसत होते, पाडीशी भांडत होते. डॉक्टर म्हणाले होते त्याहून बरे होते.

गणपतीला हे आले. वन्सं आल्या, त्यांचा नवरा आला, त्यांचे सासू-सासरे आले. घर भरलं. वन्सं म्हणजे मामंजींची एकुलती लेक, जीव लावणारी, पण त्यांच्या सासरी आजाराचं अर्धंच सांगितलेलं. "पोटाचं छोटंसं काहीतरी होतं, झालं बरं," एवढंच.

ऋषिपंचमीला आमच्याकडे ती मोठी भाजी असते, सगळ्या पालेभाज्या, अळूचे देठ, मक्याची कणसं, शेंगा, एका टोपात. मी मामंजींसाठी मऊ भात वेगळा काढून ठेवला होता. पण पंगतीत व्याही शेजारी बसले. वन्संनी भाजी वाढायला घेतली. व्याही म्हणाले, "तात्या, घ्या की, का देवाच्या भाजीला नाही म्हणता?" मी आतून पळी वाजवली, दोनदा, तीनदा. पंगतीच्या गोंगाटात ती कुणाला ऐकू जाणार? मामंजींनी ताट पुढं केलं. व्याह्यांसमोर 'माझ्या आत जाळी हाय, मना देठ चालत नाय' असं सांगण्यापेक्षा त्यांनी भाजी खाल्ली. वर मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभी राहिले. ओटीवर हे होते, व्याही होते. मावशी आली नाही. त्यानंतरच्या सकाळीही नाही. मी ह्यांना माजघरात गाठून सांगितलं. हे लगेच ओटीवर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काय तात्या, पोट साफ आहे ना?"

"साफ, साफ. एकदम झकास," मामंजी म्हणाले.

हे आत आले. "विचारलं. साफ आहे म्हणाले."

"खरं नाही ते."

"तुला काय ठाऊक? माझ्याशी ते खोटं कशाला बोलतील?"

कसं सांगणार होते मी? इतके महिने ओटीवर कोण येऊन बसतं हे मी कुणाला बोलले नव्हते. आपल्या बापाला सुनेशी बोलायला बाईचा आवाज काढावा लागतो, हे ऐकून त्यांना काय वाटलं असतं?

गौरी जेवल्या त्या दुपारी मामंजींनी ताटाला हात लावला नाही. उपास आहे म्हणाले. बंडीची खालची बटणं उघडी होती. ते खांबाला टेकून बसले होते आणि घामानं भिजले होते, आणि व्याह्यांच्या गोष्टीला हसत होते. ओटीवर गावातली माणसं आरतीसाठी जमलेली. समोर गणपती. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. मग मी काय केलं ते आठवलं की अजून कान तापतात. मी दारातून बाहेर आले. पुरुषमंडळींत मी कधी उभी राहिले नव्हते. आणि गवळण नमनात मारते तशी हाक मारली, "मावशे! अगो मावशे! पोट साफ झालं का गो?"

ओटीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं. व्याही बघत राहिले. हे उठून उभे राहिले, "अगं, वेड लागलं का तुला?" वन्संनी माझा दंड धरला. मी हलले नाही. मी खांबाकडे बघत उभी राहिले.

मग तो आवाज आला, बारीक, पण फाटलेला.

"नाय गो बाय. ती भाजी खाल्ली त्या दिवसापासून काय झाला नाय. पोटात आग हाय. तात्याला नको इचारू, तात्या खोटा बोलतो."

मग कुणी हसलं नाही. ह्यांनी बापाच्या पोटावर हात ठेवला आणि गाडी बघायला धावले.

कोल्हापूरला त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जाळीत देठ आणि मक्याचे दाणे अडकून बसले होते. ते धुऊन काढले. आणखी उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं, डॉक्टर म्हणाले. ह्यांनी मला विचारलं, तुला कसं कळलं? मी सगळं सांगितलं. ते ऐकून ते बराच वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

मामंजी वाचले, पण मावशी पुन्हा आली नाही. ओटीवरची गोष्ट गावभर झाली होती. गडग्यावर बसणारे रिकामे लोक मामंजी दिसले की बारीक आवाज काढायचे, "मावशे, पोट साफ झालं का गो?" चेष्टाच ती, मनात वाईट नसेल कुणाच्या. पण मामंजींनी बागेत जाणं सोडलं. एक दिवस त्यांनी संडासातली लाकडं आणि सोडणं बाहेर काढली, आत झाडलं, आणि तिथं जायला लागले. कडी वाजायची. ओटीवर बसणंही सोडलं, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि सकाळी मी दाराआड उभी राहिले की आपल्या जाड आवाजात एवढंच म्हणायचे, "झाला." किंवा, "नाय झाला."

कोल्हापूरच्या डॉक्टरांना हवं होतं ते हेच. मला मात्र रोज वाटायचं की त्यांचं झाकलेलं एवढंच होतं, आणि तेही मी चारचौघांत उघडं केलं. त्याशिवाय ते जगले नसते. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकत्र मनात ठेवायला मला अजून जमत नाही.

थंडीत ते खूप वाळले. गाठ वाढत होती. ह्यांनी ठरवलं, मुंबईला नेऊ, तिथं मोठा दवाखाना जवळ आहे आणि हसायला कोणी नाही. खोली एवढीशी, चार माणसं भाड्यानं राहणारी, तिथं मला जागा नव्हती. मामंजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते मुंबईहून परत आले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यांना मुंबईला न्यायची गाडी त्या दिवशी सकाळीच आली होती. ह्यांनी त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या आणि गाडीच्या सीटवर बसवलं, पाय अजून बाहेर. ह्यांनी त्यांच्यासाठी मुंबईहून कापडी बूट आणले होते. मामंजींनी जन्मात बूट घातला नव्हता. सामान ठेवायला हे मागे गेले. मी पाया पडायला खाली वाकले, तर एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती. त्यांना वाकता येत नव्हतं. मी खाली बसले आणि नाडी हातात घेतली. मला वाटलं ते पाय मागे घेतील. त्यांनी घेतला नाही.

"गच्च बांध बाय," ते म्हणाले. "सैल झाला तर सुटतो."

आजूबाजूला कोणी नव्हतं. खांब नव्हता, पाडी नव्हती. आवाज त्यांचाच होता आणि ते मलाच बोलले होते. मी दोन गाठी मारल्या. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, साधं 'हो' तरी. मी नुसती मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही ठाऊक नाही, कारण मी वर बघेपर्यंत ह्यांनी त्यांचे पाय उचलून आत घेतले होते आणि दार लावलं होतं.